माशाचे कान

सून प्रयोगशाळेत माशांच्या कानातली हाडं तपासायची. मासा कुठल्या पाण्यात जन्मला, कुठे वाढला, हे सगळं त्या इवल्याशा हाडावरून कळतं. सासरे मात्र "माशाला कान? काहीतरीच तुझं!" म्हणून हसायचे आणि दर रविवारी गळ खांद्यावर टाकून समुद्रावर जायचे. येताना हातभर मासा आणायचे, आणि तो किती झुंजला याची गोष्ट जेवण संपलं तरी संपायची नाही.

या रविवारच्या माशाचं हाड तिने गुपचूप डबीत घालून नेलं. तपासलं, तर हा पठ्ठ्या उभ्या जन्मात समुद्राकडे फिरकलाच नव्हता. तळ्यात जन्मलेला, तळ्यातच पोसलेला. म्हणजे सरळसरळ बाजारातून आणलेला!

घरी येताच तिने हसू दाबत ही बातमी सासूबाईंच्या कानावर घातली.

सासूबाईंनी आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं. "हळू बोल गं, ऐकतील ते! त्या मासेवालीला शंभरदा बजावलंय मी, यांना समुद्रातलाच देत जा म्हणून."