ताजी जखम

भाजलेलं पुन्हा भरून आलं होतं. डॉक्टरबाईंनी इस्त्रीवालीचा हात दिव्याखाली धरला आणि भिंगातून पाहिलं. नऊ दिवसांपूर्वी मनगटाच्या वर बोटभर कातडी सोलली होती. तिथे आता गुलाबी, कोवळी कातडी. दुसऱ्या कुणाला यासाठी तीन आठवडे लागले असते.

"जिवाणू सगळ्यांच्याच कातडीवर राहतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुझे नवसाचे दिसतात. जखम झाली की ती भरायला लगेच कामाला लागतात."

"म्हणजे घाण नाही ना, बाई?"

"घाण कसली? सोनं आहे."

इस्त्रीवाली लाजली. लाँड्रीत दिवसभर दुसऱ्यांचे कपडे कडक करणाऱ्या त्या बाईला असा शब्द कुणी लावला नसावा.

सात महिन्यांत अकरा जखमा झाल्या होत्या. कोपर, मान, दोनदा पाठ. दर वेळी ती म्हणायची, इस्त्री लागली. पाठीला इस्त्री कशी लागते, हे डॉक्टरबाईंनी कधी विचारलं नाही. त्यांनी जखमेची लांबी मोजली, कापसाच्या काडीने नमुना घेतला आणि तो जपून ठेवला. त्या नमुन्यांवर त्यांचं नाव होणार होतं.

आज मात्र त्या वैतागल्या. "भरलेल्या जखमेचं मी काय करू? पहिल्या दिवसाचा नमुना एकदाही मिळाला नाही. परिषद तोंडावर आलीय आणि घोडं इथंच अडलंय."

इस्त्रीवालीने बाही खाली ओढली. या खोलीत तिला खुर्ची मिळायची. तिचा हात कुणीतरी हळुवार हातात घ्यायचं. बाईंचा पडलेला चेहरा तिला बघवेना.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "आठवडाभर तोंडाला कुलूप लावून होते, म्हणून नवं काही लागलं नाही. आज नवरा घरी आला की एकदा उलट बोलते. उद्या सकाळी ताजी घेऊन येते."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दहाच्या आत ये," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि धुऊन येऊ नकोस."