पट्टी सरस

"तुम्ही खोटं छापलंत, मॅडम. आणि वर सही ठोकलीत."

भट्टीवाल्यानं कारखान्याच्या बोर्डावरून उचकटून आणलेला कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटला. कागदावर दोनच गोष्टी ठळक होत्या. भट्टी खात्यातल्या तीस जणांना निकोटिनच्या पट्ट्या दिल्या, सिगरेट सुटली चौदांची. पॅकिंगमधल्या तीस जणांना निकोटिनचं च्युइंगम दिलं, सुटली सहांची. खाली निकाल होता: पट्टी सरस.

"त्या चौदांत तुम्हीही आहात ना?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "मग तक्रार कसली?"

"तक्रार दादाची आहे. माझा थोरला भाऊ. दुसऱ्या कारखान्यात असतो, पण काम तेच, भट्टीपुढचं. छातीचा पार भाता झालाय. दोन जिने चढायचे तर चारदा बसतो. तीन आठवडे रोज सकाळी इमानेइतबारे दंडावर पट्टी लावली. आणि चार दिवसांपूर्वी पुन्हा पाकीट आणलं. म्हणतो, लोकांना लागू पडली ती मला पडत नाही, म्हणजे माझ्यातच दम नाही. आता औषधाचं नाव काढलं की उठून जातो. एका माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही तो."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "पण लागू का नाही पडली?"

"अंगावर राहील तर लागू पडेल ना! भट्टीपुढं पाच मिनिटं उभं राहिलं की अंगाचं पाणी पाणी होतं. दंडावरची पट्टी कोपरावर येते. जेवणाच्या सुट्टीत बघावं तर बुटाला चिकटलेली."

"मग तुम्हा चौदा जणांची सुटली कशी?"

बाईंच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. भट्टीवाला भांडणाची तयारी करून आला होता. असल्या प्रश्नाची नव्हे. त्यानं मान खाली घातली आणि एका दमात सांगून टाकलं.

"आम्ही बदलून घेतलं. पहिल्याच आठवड्यात. पॅकिंगमध्ये औषधासाठीच्या काचेच्या बाटल्या खोक्यात भरतात. तिथं तोंड हललं की सुपरवायझर घरी पाठवतो. त्यांना च्युइंगम नको, आम्हाला पट्टी नको. हात धुवायच्या नळावर रोज बाजार भरायचा. पट्टी द्या, च्युइंगम घ्या. कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही, असं ठरलं होतं. कळलं असतं तर तुम्ही औषधच बंद केलं असतं."

बाईंनी पेन्सिल उचलली. कागदावरच्या दोन आकड्यांमध्ये बाण काढला. "म्हणजे नावं उलटी केली की झालं? च्युइंगम चौदा, पट्टी सहा?"

"कसलं काय! काही बहाद्दर दोन्ही वापरायचे. पॅकिंगमधल्या एका काकांनी दोन्ही कपाटात ठेवलं आणि सिगरेटच ओढली."

पेन्सिल खाली पडली. एवढ्या मोठ्या तुलनेत तुलना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"आम्हाला एका शब्दानं तरी सांगायचं होतं."

"विचारलंत कधी? दर सोमवारी फोन यायचा, किती ओढल्या? मी सांगायचो, फोन बंद. सहा महिन्यांत तुमच्यापैकी एकानं तरी कारखान्यात पाऊल ठेवलं? खुर्चीत बसून चिठ्ठ्या टाकल्या, या खात्याला हे, त्या खात्याला ते. भट्टीपाशी तासभर उभ्या राहिला असतात ना मॅडम, तर तो चष्मा नाकावर टिकला नसता."

बाई लालबुंद झाल्या. कागद परत करतील, शिपायाला हाक मारतील असं त्याला वाटलं. त्यांनी लाल पेन घेतलं आणि कागदावर आडवं लिहिलं: रद्द. खाली कारणही लिहिलं, चार ओळींत, काही न लपवता.

"चूक आमची आहे. उद्या हाच कागद बोर्डावर लागेल. दादांना घेऊन या. च्युइंगम आहे, गोळ्या आहेत. त्याआधी मी त्यांची भट्टी बघून येते."

एवढ्या सहज जिंकू असं त्याला वाटलं नव्हतं. छाती फुगवून तो उठला. दाराशी पोहोचला.

"एक राहिलं," बाई मागून म्हणाल्या. आवाजात अजून तेच कुतूहल होतं. "हा निकाल बोर्डावर लागला कालच. तोही तुमच्या कारखान्यात, दादांच्या नाही. दादा पट्टी लावायला लागले त्याला तीन आठवडे उलटून गेले. आणि ते तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत."

भट्टीवाल्याचा हात कडीवरच राहिला.

"'तू कशानं सोडलीस रे?' असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"