चौदा एप्रिलची शांतता

लोकशाहीवर डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावा लागतो, आणि तो चोवीस तास द्यावा लागतो. बॉनमधल्या त्या सरकारी ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर तो सकाळी साडेआठ ते साडेचार दिला जाई. शुक्रवारी दोनपर्यंत.

क्रांती तिथं दोन वर्षं होती. नागपूरची, डार्मश्टाटला पीएच.डी. केलेली. परदेशातून कोणी खोटी खाती उघडून जर्मन जनतेला नाटोविरुद्ध फितवतंय का, हे शोधायचं तिचं काम. फितवत असणार, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. फक्त या मजल्याला अजून कोणी सापडलं नव्हतं. शेवटी संसदेच्या देखरेख समितीनं पत्र पाठवलं. मेअखेर काहीतरी दाखवा, नाहीतर विभाग बंद. क्रांतीचं कंत्राट जूनमध्ये संपत होतं आणि व्हिसा त्या कंत्राटाला बांधलेला होता.

जानेवारीत तिला सापडलं. दोनशे बारा खाती, सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं: नाटो आपल्याला दुसऱ्यांच्या भांडणात ओढतंय. जर्मन इतकं शुद्ध, की संशय तिथंच यावा.

ही खाती साडेआठला सुरू होत. बारा ते पाऊण गप्प. शुक्रवारी दोनला बंद.

"शिस्त बघा," विभागप्रमुख फोग्ट म्हणाले. "हे लष्कराचं काम आहे."

कार्निव्हलच्या सोमवारी, सगळं बॉन रस्त्यावर नाचत असताना, खाती दिवसभर मुकी होती. फोग्टना शत्रूबद्दल आदरच वाटला. "त्या दिवशी इथं कोणी काही वाचत नाही, हेसुद्धा त्यांना माहीत आहे."

क्रांतीनं घरी यातलं काही सांगितलं नाही. अनुप, तिचा नवरा, सरकारी खात्यांसाठी प्रशिक्षणाचं साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीत होता. गोपनीयतेच्या कागदावर दोघांनीही सह्या केलेल्या. त्यामुळे जेवताना बोलायला दोनच विषय उरत: तळघरातल्या वॉशिंग मशीनची पाळी आणि खालच्या मजल्यावरच्या बाई.

चौदा एप्रिलला दोघांनी रजा काढली. "मला तर मिळतच नव्हती," टाय बांधत अनुप म्हणाला. "माझ्या जागी बसायला कोणी नाही म्हणे. मी म्हटलं, वर्षातून एकदा बाबासाहेबांची जयंती, बसू दे जागा रिकामी."

भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये चव्वेचाळीस माणसं जमली. वंदना झाली. देवदत्तदादा डार्मश्टाटहून खिरीचं पातेलं मांडीवर घेऊन ट्रेननं आले. पोरांना घटनेवर प्रश्न विचारले, त्यांनी बरोबर उत्तरं दिली, जर्मनमध्ये.

दुसऱ्या दिवशी क्रांतीनं आलेख उघडला. चौदा तारखेचा रकाना कोरा होता. मंगळवार, कामाचा दिवस, आणि दोनशे बारांपैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

"चौदा एप्रिलला काय असतं?" फोग्टनी विचारलं. त्यांच्यासमोर शत्रू मानलेल्या सात देशांच्या सुट्ट्यांची यादी होती. "यांच्यात तर कोणालाच सुट्टी नाही."

"नाहीच आहे," क्रांती म्हणाली. भारत त्या यादीत नव्हता.

"तुम्ही मंगळवारी काय पाहिलंत?"

"मी रजेवर होते."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नसणार."

क्रांतीला मात्र खीर आठवत होती. ही खाती चालवणारा त्या हॉलमधलाच कोणीतरी होता. तोंडातून शब्द निघाला, की चव्वेचाळीस जणांची कागदपत्रं उघडणार; चव्वेचाळीसपैकी त्रेचाळिसांचा काही गुन्हा नसताना. नाही निघाला आणि नंतर कळलं, तर नोकरी, व्हिसा, सगळंच गेलं.

"काल हॉलमध्ये नवीन कोण होतं रे?" तिनं रात्री विचारलं.

"कोणी नाही. का?"

"असंच."

"तू असंच काही विचारत नाहीस."

"मग समज ऑफिसचं आहे."

"जा, मग गप्प बसतो," अनुप म्हणाला, आणि खरंच गप्प बसला.

तीन आठवडे तिनं तो रकाना तसाच ठेवला. एकेका चेहऱ्यावर संशय घेऊन पाहिला. देवदत्तदादांवरसुद्धा घेतला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. अहवाल द्यायच्या दिवशी तिनं लिहिलं: "१४ एप्रिल – शत्रूच्या सर्व्हरची दुरुस्ती." असलं खोटं तिनं पीएच.डी.तही लिहिलं नव्हतं.

समितीनं अहवालाची वाखाणणी केली. दोनशे बारा खाती हा लोकशाहीवरचा गंभीर हल्ला ठरला. विभागाला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली, क्रांतीलाही. फोग्टनी निवृत्ती पुढे ढकलली.

संध्याकाळी ती केक घेऊन घरी आली. टेबलावर एक केक आधीच होता.

"आमचंही काम वाढलं," अनुप म्हणाला. "तीन वर्षं."

"अरे वा. कशाचं?"

"सांगायचं नसतं. पण आज सगळी कंपनी हसत होती, म्हणून एवढंच सांगतो. कुठल्याशा सरकारी ऑफिसची परीक्षा घ्यायला आम्ही एक खोटं प्रकरण रचलं होतं. त्या विद्वानांनी ते खरं समजून थेट संसदेत नेलं. आता खरं सांगायची वरती कोणाची तयारी नाही, म्हणून ते चालूच ठेवायचंय."

क्रांतीनं केक कापायला घेतलेली सुरी खाली ठेवली.

"मी जयंतीला रजेवर, तर सगळं बंद पडलं. वाटलं, आता पकडले जाणार. तर कोणा शहाण्यानं लिहिलं, सर्व्हरची दुरुस्ती." अनुपनं बशा मांडल्या. "पण बॉसनं आता नियम केलाय. पुढच्या वर्षी तेरा तारखेलाच दोनशे बारा पोस्ट लिहून ठेवायच्या, मगच रजा."