रिकामा हातमोजा

दहा हिवाळे शिकार केली की गरुडमादीला डोंगरात सोडायचं आणि तिच्यापुढे कापलेली मेंढी ठेवायची, ही आम्हा कझाखांची रीत. माझा पाय मोडला होता, म्हणून धाकट्या भावाला, येर्केशला, पाठवलं.

तो परतल्यावर दुसऱ्या सकाळी दोघं चहा पिताना, तिला बसवायचा माझा हातमोजा उसवलेला दिसला. शिवण बघायला आत हात घातला, तर मनगटावर चार नख्या रुतल्या. मोज्यावर काहीच नव्हतं.

गरुडाचा पाय मुडपला की बोटं आवळून अडकतात. पाय सरळ केल्याशिवाय पकड सुटत नाही. सवयीने मी तिचा पाय चाचपला. हाताला नुसती हवा लागली.

"कुठं सोडलीस रे तिला?"

"निळ्या खिंडीत, दादा. किती वेळा सांगू?"

नख्या आणखी रुतल्या.

"मेंढी?"

"चांगली जाडजूड ठेवली! तुझी लाडकी उपाशी राहील होय?"

मोज्यातून रक्त ओघळलं. याच हातावर तिच्याआधी मी येर्केशला खेळवलं होतं.

"रोटीवर हात ठेवून शपथेवर सांग."

त्याने हसत हात ठेवला. "सोडली."

पकड सुटली. माझा हात एकदम हलका झाला.

येर्केशची वाटी खाली पडली. त्याच्या गळ्यावर, एकामागून एक, चार खळगे पडत होते.