कोणी बोलावलंय?

व्हिसाच्या रांगेत मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. फाइल उघडायची, मिटायची, घसा खाकरायचा, पुन्हा उघडायची.

"अहो, टेका ना जरा," बायको दोनदा म्हणाली.

परदेशातल्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून दोघं निघाले होते. पण लेकीने मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून मास्तरांनी जावयाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. घरात तो नुसता 'तो' होता. आणि बोलावण्याचं पत्र त्याच्याच नावाने आलं होतं.

खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला कोणी बोलावलंय?"

बायको लगबगीने पुढे सरकली. असा प्रश्न आला की इतकी वर्षं तीच सावरून घ्यायची. मास्तरांनी तिचा हात धरून तिला थांबवलं आणि नाव सांगितलं. आडनावासकट.

"तुमचे कोण लागतात?"

"जावई," मास्तर म्हणाले. "आमचे जावई आहेत ते."

पुढे काय विचारलं, काय सांगितलं, बायकोला काहीच ऐकू आलं नाही. रस्त्यावर आल्यावर डोळे पुसत तिने विचारलं, "अहो, व्हिसा मिळाला का?"