बाहुलीचा डावा कान

जुन्या वस्तूंच्या दुकानात मला आईच्या लहानपणच्या काळातली एक फॅशनची बाहुली मिळाली. कपडे, पापण्या, सगळं मूळचं; फक्त डुलातल्या तांब्याने तिचा डावा कान हिरवा पडला होता. बाहुल्या जमवणाऱ्यांना हा डाग चांगला ओळखीचा असतो. डूल काढायचा, कानाला मुरमांचं मलम लावून तिला उन्हात ठेवायचं. डाग हळूहळू उतरतो.

"एवढी घोडी झालीस तरी बाहुल्याच!" आई म्हणाली.

मी उलट काहीतरी बोलले, पण ती माझ्या उजवीकडे, डावा कान माझ्याकडे करून बसली होती; तिला ऐकूच गेलं नाही. तापानंतर तिचा डावा कान गेला होता आणि आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

डाग अर्धा उतरला, त्या दुपारी आई चांगला कान उशीत दाबून पडली होती. तशीच म्हणाली, "अगं, नळ टपकतोय बघ."

नळ खरंच टपकत होता.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मी शिकलेय. म्हणून मी थांबले. डाग पूर्ण गेला, त्या सकाळी आईचा उजवा कान तळहाताने घट्ट झाकला आणि डाव्याशी कुजबुजले, "आई, ऐकू येतंय?"

तिचे डोळे भरून आले. "येतंय गं. अगदी स्वच्छ."

घरात आणखी कोणी नव्हतं. आईने हसून खिडकीतल्या बाहुलीकडे पाहिलं.

"पण एकेकीनं बोला बाई. दोघी एकदम बोललात की काही कळत नाही."