वाळूतली चौकट

डोळ्यांसमोर आणा बरं, सोफिया शहरातल्या संशोधन संस्थेतलं वाळूने भरलेलं दालन. मंगळावर जाणारी गाडी तिथे अडथळे ओळखायला शिकते. तिला शिकवायची रालित्साची आई. ती हिवाळ्यात वारली. आता शाळा सुटली की रालित्सा इथेच, वाळूच्या कडेला काम करणाऱ्या बाबांजवळ बसते.

आज गाडी मोकळ्या वाळूत थांबली. गाडीच्या कॅमेऱ्यातलं दृश्य दाखवणाऱ्या पडद्यावर त्या जागी चौकट उमटली, वर शब्द: माणूस.

"कोण आहे, बाबा?"

"कोणी नाही गं. गाडी आईची लाडकी ना, तुझ्यासारखीच हट्टी."

बाबांनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. पडद्यावर आता रालित्साही दिसत होती, आणि चौकट सरकून तिच्या अगदी पुढ्यात आली होती. वाळूत पाऊल नव्हतं. मग चौकट बुटकी होत गेली, कोणी वाकावं तशी.

"रालू, इकडे ये."

"थांबा ना, बाबा."

आईकडून मफलर बांधून घेताना करायची, तशी रालित्साने हनुवटी वर केली.